मांडणीवरच्या गोळ्या

‘आणखी काही घेत होतात का?’ असं डॉक्टरांनी विचारलं आणि मी ‘नाही’ म्हणून मोकळी झाले. दुकानात पिशवी हवी का विचारतात तेव्हा म्हणतो ना, तितक्या सहज. डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले. ‘म्हणजे गोळ्या, पावडरी, असलं काही? हल्ली बरेच जण घेतात, म्हणून विचारतो.’ ‘छे हो,’ मी म्हणाले, ‘तुमच्याच गोळ्या गिळताना नाकीनऊ येतात, त्यात आणखी कुठल्या!’ माझा आवाज आता आवाज राहिलेला नाही, जुन्या बिजागरीसारखा कुरकुरतो, त्यामुळे खोटं बोलले तरी कळत नसावं. मास्तर शेजारच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर माझी पर्स, पर्सवर दोन्ही हात. ते भिंतीवरच्या घशाच्या चित्राकडे बघत होते. माझा नवरा गेली तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवतो, म्हणून सगळं जग त्यांना मास्तर म्हणतं, आणि मनातल्या मनात मीही म्हणते. घशातली गाठ होती तिथंच होती. उलट जरा ऐसपैस झाली होती, भाडेकरू जुना झाला की होतो तशी. पुन्हा रेडिएशनचा शेक देता येणार नाही, कापायला जागा नाही, आता त्रास कमी कसा होईल ते बघू, असं डॉक्टर सांगत होते आणि मी मान हलवत होते, जणू शेजारणीच्या घशाबद्दल चाललंय. ‘आणि खाण्याचं?’ मास्तरांनी विचारलं. तेवढंच विचारलं. ‘आता पथ्य नको,’ डॉक्टर म्हणाले, ‘गिळवेल ते, आवडेल ते. काहीही खाऊ द्या त्यांना.’ काहीही खा. लहानपणी ताप उतरला की आई असंच म्हणायची, आता काहीही खा हो बाळा, आणि मी उड्या मारत स्वयंपाकघरात जायचे. आज तेच शब्द ऐकून मी खुर्चीतच बसून राहिले.

नाही का म्हणाले, ते सांगते. त्याआधी अर्धा तास मी खालच्या मजल्यावर आहारवाल्या बाईंपुढं बसले होते. मास्तर मला दाराशी उतरवून गाडी लावायला गेले होते. बाई म्हणायचं म्हणून, पोरगीच होती, माझ्या लेकीहून लहान असेल. ‘फळं, भाज्या खाता ना?’ तिनं विचारलं. ‘खाते कसली, पाजली जातात मला,’ मी म्हणाले आणि माझी गाडी सुरू झाली. सकाळी गाजर-बीट, दुपारी पालक, चार वाजता काळी द्राक्षं नाहीतर डाळिंब, घशाला आग लागते तरी सोडत नाहीत हो आमचे मास्तर. आणि वर त्या गोळ्या. एक तांबडी, एक पिवळी, एक तपकिरी, एकेक कॅप्सूल घोड्याला द्यावी एवढी. मी तक्रार करत होते, पण खरं सांगायचं तर मिरवत होते. नवऱ्याचं कौतुक उघड करायची सवय नाही आमच्या पिढीला, आम्ही ते कुरकुरीत गुंडाळून देतो. पोरीचं पेन थांबलं. ‘कसल्या गोळ्या?’ ‘अँटिऑक्सिडंटच्या.’ ‘शेक चालू असतानाही घेत होता?’ ‘रोज. एक दिवस खाडा नाही.’ तिनं पेन खाली ठेवलं. मग फार हळू, शब्द निवडून बोलायला लागली. ताटातल्या भाज्या-फळांचं काही नाही, ती चांगलीच. पण या गोळ्यांत ते सगळं फार मोठ्या प्रमाणात असतं. शेक जो देतात तो पेशींत एक प्रकारची तोडफोड करणारे कण तयार करतो, गाठ मरते ती त्या तोडफोडीनं. आणि अँटिऑक्सिडंटचं कामच मुळी तसले कण विझवायचं. ‘ते वाचवतं,’ ती म्हणाली, ‘पण कुणाला वाचवायचं हे त्याला कळत नाही. चांगल्या पेशीला वाचवतं, तसं वाईट पेशीलाही वाचवू शकतं.’ मी विचारलं, ‘म्हणजे आमची गाठ…’ ‘तसं कुणीच सांगू शकणार नाही,’ ती घाईघाईनं म्हणाली, ‘नसत्या घेतल्या तरी कदाचित हेच झालं असतं. पण आम्ही बंद ठेवायला सांगतो. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं का? सगळी औषधं घेऊन या म्हणतात की.’

नेली होती ना. मास्तरांनी कपाटातला औषधांचा डबा जसाच्या तसा नेला होता, खोकल्याच्या औषधापासून कानातल्या थेंबांपर्यंत. पण त्या तीन बाटल्या डब्यात नव्हत्याच. त्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर, मीठ आणि मिरपुडीच्या शेजारी. पहिल्याच दिवशी मी त्या औषधांच्या डब्यात टाकल्या होत्या, तर मास्तरांनी उचलून मांडणीवर आणून ठेवल्या. ‘औषध आजारी माणूस घेतो. हे औषध नाही, हा आहार आहे.’ त्यांना मी आजारी असायला नको होते, दुसरं काय! डॉक्टरांपुढं नेताना कुणी मिठाची बरणी नेतं का? तशाच त्या राहिल्या घरी. हसावं की रडावं कळेना. मास्तर आले तेव्हा मी पदराशी चाळा करत बसले होते. ‘गाडीला जागाच मिळेना,’ ते म्हणाले. आहारवाली पोरगी त्यांच्याकडं बघून तोंड उघडणार, एवढ्यात मी उठले. ‘चला, वरती नंबर लागला असेल.’ तिनं माझ्या डोळ्यांत असं काही बघितलं असेल की ती मुकाट बसली. गुणाची पोर.

परतताना मास्तर गाडी नेहमीपेक्षाही हळू चालवत होते. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, जादाच्या ब्रेकवर पाय ठेवून जगलेला माणूस. घरी मी भाजी चिरायला बसले तरी त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो, हे मी किती वेळा त्यांना दाखवून हसलेय. ‘आता बोट जाईल, तेव्हा दाबा,’ मी म्हणायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी कुणी मोठा अपघात केला नाही, याचा त्यांना फार अभिमान. माझ्या आजाराचं कळलं त्या आठवड्यात हा माणूस घरभर असा फिरत होता की जणू याचा ब्रेकच कुणीतरी काढून घेतलाय. मला डॉक्टर होते, यंत्र होतं, मळमळ होती, मला काहीतरी काम होतं. त्यांना काहीच नव्हतं. मग कुठूनतरी त्यांना तो शब्द सापडला. आधी नीट म्हणताही येत नव्हता, अँटिऑक्सि म्हणायचे आणि पुढचं गिळायचे. ‘अगं, हा तर तुझाच धंदा निघाला,’ एका संध्याकाळी मोठ्या उत्साहानं म्हणाले, ‘शरीराला गंज लागतो, आणि हे म्हणजे गंजरोधक.’ मी रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते, निवृत्त होईपर्यंत. लोखंडाच्या पट्ट्यांना रंग द्यायचा, मिठाच्या वाफेच्या पेटीत टांगायच्या आणि कधी, कुठून, किती गंज येतो ते बघायचं, हे माझं काम. आयुष्य गंज बघण्यात गेलं. त्यांच्या तोंडून ते ऐकताना मला गंमत वाटली, बरंही वाटलं. बावीस वर्षं मी जेवताना कारखान्याच्या गोष्टी सांगायचे, तेव्हा हा माणूस ऐकत होता तर!

पण त्याच वेळी म्हणायला हवं होतं मी, की अहो मास्तर, आमच्या धंद्यात पहिला नियम निराळाच आहे. गंजावर रंग द्यायचा नाही. आधी घासून, खरवडून, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढायचा, मग रंग. नाहीतर काय होतं, वरून पट्टी झकास दिसते, आणि आत गंज आपला सुखात वाढतो, वारा नाही, ऊन नाही, कुणाची नजर नाही. एक दिवस नख लावलं की सगळा पापुद्रा हातात येतो. हे मला ठाऊक होतं. पण लोखंड वेगळं, घसा वेगळा, मला तरी कुठं सुचलं? मी काय डॉक्टर आहे? गाडीत बसल्या बसल्या मला एकाएकी इतका राग आला की हाताच्या मुठी वळल्या. या शेजारी बसलेल्या, दोन्ही हात चाकावर ठेवून शहाण्यासारखी गाडी चालवणाऱ्या माणसाचा राग. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कुणाला विचारलंत? शिकाऊ पोरांना आरशात बघितल्याशिवाय गाडी हलवू देत नाही तुम्ही, आणि माझ्या घशात बिनदिक्कत ओतलंत! मला मरायचं नाहीये हो. मला अजून लेकीच्या घरी जाऊन तिच्या नवऱ्याला नावं ठेवायची आहेत, मला दात पडेपर्यंत जगायचंय, आणि तुम्ही, माझ्यावर जीव टाकता टाकता, माझ्या गाठीवरही जीव टाकलात. सिग्नल लागला. ओठावर आलं होतं सगळं. तेवढ्यात मास्तर समोर बघत म्हणाले, ‘काहीही खा म्हणे.’ बस, एवढंच. सरळच असलेला आरसा त्यांनी उगाच पुन्हा सारखा केला. माझा राग कुठल्या कुठं गेला. राहिली ती नुसती भीती, की याला कळलं तर? मी तर जाणारच. सहा महिने नाहीतर आणखी थोडे. मग हा माणूस त्या स्वयंपाकघरात एकटा उभा राहणार, खिसणी हातात घेऊन, आणि ज्या हातानं दिलं त्या हाताकडे बघत बसणार. जेवढी वर्षं राहतील तेवढी. कदाचित हेच झालं असतं, कुणी सांगू शकत नाही, असं ती पोरगी म्हणाली खरं. पण त्या ‘कदाचित’मध्येच तर माणूस सडतो. पक्कं कळलं तर छाती बडवून मोकळं तरी होता येतं. ‘अहो,’ मी म्हणाले, ‘घरी गेल्यावर डाळिंबाचा रस कराल ना?’ त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. ‘झोंबेल तुला.’ ‘झोंबू दे. सवय झालीय.’ सिग्नल सुटला, मागच्यानं भोंगा वाजवला, तरी गाडी हलेना. ‘करतो,’ मास्तर शेवटी म्हणाले.

घरी आल्यावर ते डाळिंब आणायला खाली गेले आणि मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले. हे घर माझं आजारपण सुरू होईपर्यंत माझं होतं. म्हणजे ओटा, शेगडी, डबे. मास्तरांना चहासुद्धा येत नव्हता, साखर कुठं आहे हे ते मला कारखान्यात फोन करून विचारायचे. आता ओट्यावर त्यांचं राज्य आहे. खिसणी धुऊन उभी ठेवलेली, रस गाळायचं फडकं खिडकीच्या दांडीवर, बीटाच्या डागांनी कायमचं गुलाबी झालेलं. चिरायची फळीही गुलाबी, त्यांची नखंही गुलाबी. गाडी शिकायला येणारी माणसं विचारतात म्हणे, मास्तर, हे काय लावता बोटांना? या माणसानं कधी मला आय लव्ह यू वगैरे म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर मीच म्हणाले असते, डोकं ठिकाणावर आहे ना. पण सकाळी उठल्याबरोबर गाजर खिसल्याचा तो खर्र खर्र आवाज यायचा, आणि आवाजाखाली त्यांचं बेसूर गुणगुणणं, तेव्हा मी डोळे मिटून पडून राहायचे आणि मला वाटायचं, आजारपणही बरं असतं की. खोटं कशाला बोलू? शेकाचे ते महिने, तोंडात फोड, मानेची सालटी निघालेली, घास म्हणजे काचा, आणि तरीही आमच्या लग्नातले सगळ्यात गोडीचे दिवस ते हेच. ते जर आता उलटे केले, खालची बाजू वर केली, तर माझ्याकडं तरी काय उरतं? मांडणीवर तिन्ही बाटल्या होत्या. तपकिरी मी हातात घेतली. गंमत अशी की मला ती फेकताही येत नव्हती. फेकली तर का फेकली म्हणून विचारणार. रोजच्यासारखं चालू ठेवायचं, दुसरा मार्ग नाही. विष असतं तर बरं होतं, लपवता आलं असतं. हे तर सगळ्या जगाच्या मते चांगलं, हे कसं लपवायचं?

लेकीचा फोन तेव्हाच आला. ती दूर राहते, फोनवर नेहमी घाईत असते, पण आज घाईत नव्हती. रिपोर्टचं सांगितलं. मग ती नाक ओढत म्हणाली, ‘आई, एक विचारू? बाबा तुला अजून त्या गोळ्या देतात का? मी कुठंतरी वाचलं, रेडिएशनच्या वेळी…’ ‘बंद केल्या केव्हाच,’ मी म्हणाले. ‘केव्हा?’ ‘अगं, सुरुवातीलाच. गिळवेनात मला.’ ‘पण परवाच बाबा म्हणाले…’ ‘तुझ्या बाबांचं काय ऐकतेस! त्यांना तुझ्यापुढं कमीपणा नको म्हणून म्हणत असतील. आणि हे बघ, त्यांना असलं काही विचारू नकोस. विचारलंस तर माझ्याशी गाठ आहे.’ गाठ म्हणाले आणि माझं मलाच ऐकू आलं. मग ती हुंदके देऊन रडायला लागली आणि मी इकडून तिला ‘रडू नये, शहाणी ना तू’ म्हणत होते, आणि मनात म्हणत होते, रड बाई, निदान तुला तरी उघड रडता येतंय. फोन ठेवला तेव्हा जिन्यात मास्तरांची पावलं वाजली. ती बराच वेळ दाराशी थांबली, किल्ली सापडत नसेल.

त्यांनी डाळिंब सोललं. मी बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत पडून दाण्यांचा टपटप आवाज ऐकत होते. आज गुणगुणणं नव्हतं, ते कुठून असणार? एकदा आत काहीतरी सांडल्यासारखं झालं, मग नळ बराच वेळ वाहत राहिला. मी हाक मारली, ‘काय करताय हो एवढं?’ ‘काही नाही. आलो.’ खिडकीबाहेर दिवे लागत होते, समोरच्या इमारतीत कुणीतरी सतरंजी झटकत होतं, आणि मला वाटलं, हे सगळं असंच चालू राहणार आहे, ही सतरंजी, हे दिवे, आणि त्यात मी नसणार. हा विचार गेले कित्येक महिने मी करत होते, पण आज पहिल्यांदा तो विचार राहिला नाही, तो खोलीत येऊन बसला. फार थंडी वाजली मला. शाल पायांवर होती ती गळ्यापर्यंत ओढली.

मास्तर आले. एका हातात पेला, दुसऱ्यात बशी, बशीत तीन गोळ्या. रोजच्यासारखंच. खुर्ची ओढून समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. रस फिका दिसत होता, निम्म्याहून जास्त पाणी घातलेलं असावं. त्यांचे डोळे लाल होते. ‘कांदा चिरलात का?’ मी विचारलं. ‘हो,’ ते म्हणाले. घरात कांद्याचा वास नव्हता. त्यांनी तपकिरी कॅप्सूल माझ्या तळहातावर ठेवली आणि शिकाऊ पोरांना म्हणतात तसं म्हणाले, ‘सावकाश. घाई नाही.’ मी ती चिमटीत धरली. बावीस वर्षं चिमटीनं रंगाची पूड उचलून काट्यावर ठेवलेला हात आहे माझा, त्याला वजन कळतं. कॅप्सूलला वजन नव्हतं. बोटांनी जरा दाबली तर आत गेली. टोपण किंचित तिरकं बसलं होतं, जाड बोटांच्या माणसानं घाईघाईत लावल्यासारखं. ती रिकामी होती. तांबडीकडे बघितलं, पिवळीकडे बघितलं. त्यांचीही टोपणं तिरकीच. नळ बराच वेळ वाहत होता तो त्यासाठी. म्हणजे यांना कळलं होतं. आहारवालीच्या दाराबाहेर उभे राहून ऐकलं असेल, नाहीतर लेकीनं माझं न ऐकता त्यांनाही फोन केला असेल, आता त्यानं काय फरक पडतो! डॉक्टरांपुढं मी नाही म्हणाले, तेव्हाही कदाचित ठाऊक असेल. गाडीत मी डाळिंबाचा रस मागितला, तेव्हाही. आणि आता गोळ्या द्यायच्या थांबवल्या तर मला कळेल की त्यांना कळलंय, म्हणून हा वेडा माणूस स्वयंपाकघरात उभा राहून एकेक कॅप्सूल उघडून, ओतून, पुन्हा लावत बसला होता. मी ज्यातून त्यांना वाचवायला निघाले होते, त्यात ते माझ्याआधीच एकटे जाऊन बसले होते. मला त्यांना जवळ घ्यायचं होतं. पण जवळ घेतलं असतं तर सगळं बोलावं लागलं असतं.

मी कॅप्सूल जिभेवर ठेवली, रसाचा घोट घेतला, मान मागं टाकली. दुखलं. रिकामं असलं तरी दुखतंच. ‘गेली?’ मास्तरांनी विचारलं. त्यांचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला होता. ‘गेली,’ मी म्हणाले. मग, माझा आवाज जितका साधा होऊ शकतो तितका साधा करून म्हणाले, ‘बाटली संपत आलीय हो. नवी आणायला लागेल.’

‘आणतो,’ मास्तर म्हणाले, आणि दुसरी गोळी माझ्या तळहातावर ठेवली.